दोन रिंगा म्हणजे पाणी

आमच्या वस्तीला पाणी कोण देतं, हे कुणाही शहाण्याला विचारा. तो पाणीपुरवठा खात्याचं नाव घेईल, नाहीतर टाकीवरच्या दगडी पाटीवर कोरलेल्या सात नावांपैकी एखादं घेईल. खरं उत्तर जेमतेम पावणेपाच फूट उंचीचं आहे. त्याच्या खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी असते, पायात पुरुषी रबरी बूट असतात, आणि पाटीवर त्याला जागा नाही. वस्ती त्यांना चावीकाकू म्हणते.

वस्तीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण आहे. त्याखाली खड्डा, खड्ड्यात वॉल्व्ह. रोज सकाळी काकू झाकण सरकवतात, चावी खाली सोडतात, वरच्या आडव्या दांड्याला पोट टेकवतात आणि फिरवायला लागतात. सोळा फेरे पुरे. मग एक अर्धा फेरा, कुरकुरत जाणारा. तो आळसाने सोडला तर खालच्या गल्लीच्या नळाला नुसती हवा येते. हा अर्धा फेरा कुठल्याही नकाशात नाही. खात्याचे साहेब लोक वर्षातून एकदा येतात, झाकणापासून दोन पावलं लांब उभे राहून बूट जपतात, आणि 'यंत्रणा सुरळीत आहे' असं लिहून जातात. यंत्रणा तेव्हा पदराने घाम पुसत असते.

खात्याच्या कागदावर काकू हंगामी कामगार आहेत. हंगाम अकरा वर्षं चालू आहे. एवढा लांब हंगाम एकाही पिकाच्या नशिबी नाही.

त्याआधी ही चावी त्यांच्या नवऱ्याकडे होती. नवरा गेला त्याच महिन्यात साहेब दारात आले आणि आता पाण्याचं काय, असं विचारू लागले. त्यांच्याशी बोलायला पुढे झाला तो काकूंचा धाकटा दीर. तो नदीकाठच्या पंपघरात मोटर चालवतो, म्हणजे खात्याच्या हिशेबाने जाणकार. जाणकाराने सांगितलं, "वहिनींच्याने नाही फिरायची ती चावी. बाईमाणसाचं काम नाही ते." वहिनी दाराआड उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी नवऱ्याचे बूट घातले, पुढे बोळे कोंबले, आणि साडेसोळा फेरे फिरवून दाखवले. त्या दिवसापासून काकू त्या माणसाशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. त्याचा विषय निघाला की 'भाऊजी' म्हणत नाहीत, 'तो पंपवाला' म्हणतात.

आता गंमत बघा. पंपघर नदीकाठी, टाकी टेकडीवर, वॉल्व्ह वस्तीच्या तोंडाशी. तिघं एकमेकांपासून दीड-दीड किलोमीटर. टाकी भरली हे फक्त पंपघरातून दिसतं, कारण टाकीच्या अंगावरची, पाण्याबरोबर वरखाली होणारी लाल पट्टी त्याच बाजूला आहे. म्हणजे पंपवाल्याने सांगितल्याशिवाय काकूंना कळायचं नाही, आणि काकू तर त्याचा आवाज ऐकायला तयार नाहीत. पहिल्या दिवशी त्याने फोन केला, काकूंनी उचलला, 'वहिनी' एवढं ऐकलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी फोन दोनदा वाजला आणि थांबला. काकू थोडा वेळ फोनकडे बघत राहिल्या आणि चावी घेऊन निघाल्या. बैठक नाही, ठराव नाही, करार नाही. दोन रिंगा म्हणजे टाकी भरली, पाणी सोड. तीन म्हणजे बंद कर. चार म्हणजे वीज गेली, आज पाणी नाही. अकरा वर्षं साडेतीनशे घरांचं पाणी या एवढ्याशा भाषेवर चाललं. नाहीतर आमचे निवडून आलेले लोक महिन्यातून चार वेळा एकमेकांशी तासन्‌तास बोलतात, आणि एक गटार वाहतं होत नाही.

मोबाइलवर का नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे मोबाइलला रेंज आहे की. काकूंच्या घरामागच्या न्हाणीच्या छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करायचं आणि हात वर धरायचा. वस्ती खोलगटात आहे. त्यामुळे घरात साधा फोन. फिकट हिरवा, विणलेल्या झालरीखाली झाकलेला, सहा खांब आणि दोन झाडं ओलांडून आलेल्या काळ्या वायरीवर जगणारा. त्या वायरीतच त्याचा स्वतःचा करंट होता. वीज गेली तरी तो वाजायचा. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती, कारण जे चाललेलं असतं त्याला कोण विचारतो.

काकूंच्या फायलीत मात्र दोन तक्रारी होत्या. पहिली एका प्लॉटवाल्याची. गाडी धुता धुता पाणी गेलं, फेस तसाच राहिला. दुसरी खुद्द सुपरवायझरने घडवून आणलेली. त्याच्या मेव्हण्याच्या बांधकामाला दुपारी वेगळं पाणी सोडायला काकूंनी नकार दिला, तर 'उद्धट वर्तन' असं कागदावर आलं. तिसरी तक्रार लागली की हंगाम संपला. हे सुपरवायझरने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आणि चावीसाठी स्वतःचा माणूसही हेरून ठेवला होता. काकूंकडे शेत नाही, पेन्शन नाही, दुसरी कला नाही. त्यांच्याकडे साडेसोळा फेरे आहेत. ते गेले की त्या नुसत्या काकू. अशा काकू वस्तीत खूप आहेत, कुणी विचारत नाही.

अशात फोन कंपनीचा माणूस आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर हसरा फोटो. प्रत्यक्षातही तसाच हसत होता, त्यामुळे ओळख पटली. म्हणाला, तांब्याची वायर जुनी झाली, आता ती बिघडली तर कंपनी दुरुस्त करणार नाही. त्याऐवजी इंटरनेटवरचं कॉलिंग घ्या. नंबर तोच, फोन तोच, फक्त मध्ये एक पांढरा डबा. कितीही बोला.

"मी बोलतच नाही," काकू म्हणाल्या.

तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

काकू ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्यांची लेक दूरच्या शहरात दिलेली. तिला तीन वर्षांची मुलगी. नातीला काकूंनी दोनदा पाहिलेलं, त्यातही एकदा ती झोपलेली. डबा आला की नात रोज पडद्यावर दिसेल, असं लेकीचं म्हणणं. जावई कंप्युटरमध्ये कामाला. त्याने सासूला अर्धा तास समजावून सांगितलं की लँडलाइन ही मागच्या शतकातली गोष्ट आहे. सासूही मागच्या शतकातलीच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. काकू माझ्याकडे आल्या, काय करू म्हणाल्या. मी कामात होते, रेशनच्या मोर्चाची पत्रकं मोजत होते. घेऊन टाका, म्हटलं, नातीचं तोंड दिसेल. त्या फॉर्मवर साक्षीदाराची एक सही आहे. जी बाई वीस वर्षं चौकाचौकात 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून ओरडत आली, तिची ती सही आहे. मी तो फॉर्म वाचला नव्हता. हे लिहून टाकते, म्हणजे बाकीच्यांना शिव्या घालायला मी मोकळी.

डबा आला. तीन हिरवे दिवे, एक लुकलुकणारा. जुनी काळी वायर त्यांनी खांबापर्यंत कापली आणि गुंडाळी करून घेऊनही गेले. कामात एवढी चपळाई मी त्या कंपनीत आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. संध्याकाळी नात पडद्यावर आली, काकूंना जीभ दाखवली आणि पळाली. काकू दोन दिवस त्या जिभेबद्दल बोलत होत्या.

नवा जावई सासरी चार दिवस वागतो तसा डबा चार दिवस नीट वागला. पाचव्या दिवशी सकाळी काकू चावी मांडीवर घेऊन बसलेल्या. फोन एकदा वाजला आणि थांबला. एकाला काही अर्थ नाही. चुकून लागला असेल, म्हणून त्या दोनची वाट बघत बसल्या. तिकडे पंपवाल्याने नेहमीसारख्या दोन मोजून फोन ठेवला होता आणि मोटर चालू ठेवली होती. पाणी सुटलं की लाल पट्टी खाली येते. येईना. अर्ध्या तासाने त्याने परत दोन दिल्या. काकूंकडे वाजल्या तीन. बंद कर. बंदच तर होतं. काकूंनी ओठ आवळले, हा माणूस आज चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं, आणि चावी खुंटीला लावली. त्याने अजून एकदा प्रयत्न केला, एकच वाजली. मग वैतागून मोटर बंद केली आणि चार दिल्या. या मात्र बरोब्बर चार आल्या. आज पाणी नाही. काकू धुणं भिजवायला गेल्या.

तोवर टाकी पाऊण तास उतू जात होती. टेकडीच्या पायथ्याशी वीटभट्टी आहे. तिथे वाळायला मांडलेल्या कच्च्या विटांच्या रांगांमधून ते सगळं पाणी शांतपणे चालत गेलं. विटांची परत माती झाली. वस्तीत साडेतीनशे घरांत कोरडे नळ, आणि भट्टीवर चिखलाचं तळं. भट्टीवाल्याने त्याच दुपारी तक्रार लिहून दिली. ती लिहायला कागद सुपरवायझरने स्वतःच्या खिशातून काढून दिला म्हणतात. तिसरी.

सगळ्यांनी आपापला निकाल लावून टाकला. सुपरवायझरच्या मते बाई झोपली होती. पंपवाल्याच्या मते वहिनीने मुद्दाम केलं, अकरा वर्षांचा राग विटांवर काढला. आणि काकूंच्या मते पंपवाल्याने डाव साधला. "तेव्हा बोलून दाखवलं, आता करून दाखवलं," एवढंच त्या म्हणाल्या. चावी फिरत नाही हे सिद्ध करायला त्याने चुकीच्या रिंगा दिल्या, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं. मला राग आवरत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी पंपघरावर जाऊन त्या माणसाला जे बोलायचं ते बोलून आले. तो मोटरला तेल घालत राहिला. शेवटी म्हणाला, "दोनच दिल्या होत्या." मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

सोमवारी अकरा वाजता इंजिनियर साहेबांपुढे सुनावणी ठरली. हे सांगायला मी शिंप्याच्या दुकानातून काकूंना फोन केला. पाच रिंगा झाल्या तेव्हा उचलला. माझा पारा आधीच चढलेला. होतात कुठे, म्हटलं, इथे पाच रिंगा झाल्या. काकू म्हणाल्या, पाच कुठल्या, दुसरी सुरू होत होती तेवढ्यात उचलला. आम्ही यावरून भांडलो. चांगलं दोन मिनिटं भांडलो, शिंप्याने मशीन थांबवलं. आणि भांडता भांडता माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

ठेवा फोन, म्हटलं, आणि खडू घ्या. आता मी घड्याळ लावून दर दोन मिनिटांनी करते, उचलू नका, वाजेल तेवढ्या रेघा दारावर ओढा.

दहा वेळा केला. दर वेळी दोन रिंगा मोजून ठेवला. मग धावत काकूंच्या घरी गेले. दारावर खडूच्या रेघांचे दहा घोळके होते. काही ठिकाणी एक रेघ, काही ठिकाणी तीन, दोनदा काहीच नव्हतं म्हणून काकूंनी फुली मारली होती. दोन रेघा दहातून चार वेळा. जुन्या वायरीवर इकडे वाजेल तेवढं तिकडे वाजायचं. डब्याचं तसं नव्हतं. करणाऱ्याच्या कानात रिंग लगेच सुरू, आणि घरातला फोन डब्याला सुचेल तेव्हा वाजणार, सुचेल तेव्हा थांबणार. बोलणाऱ्या माणसाला काय फरक पडतो? पण इथे कुणी बोलतच नव्हतं.

काकू त्या रेघांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे भाऊजींनी दोनच दिल्या होत्या."

भाऊजी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग कंपनीला फोन. आधी गाणं वाजलं, मग तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एका बाईने सतरा वेळा सांगितलं. अठरावी बाई जिवंत निघाली. मी सगळं समजावून सांगितलं. ती अतिशय गोड आवाजात म्हणाली की रिंग ही सेवेत येत नाही, सेवा फोन उचलल्यानंतर सुरू होते. बरं, म्हटलं, आणि वीज गेल्यावर? डबा बंद पडणार, म्हणाली, तुम्ही बॅटरी विकत घ्या. म्हणजे वीज गेली हे सांगायच्या चार रिंगा वीज गेल्यावर वाजणारच नव्हत्या. पाचव्या दिवशी त्या चार पोचल्या, कारण वीज तेवढी शाबूत होती. मी तिला विचारलं, ही अक्कल कुणाची. ती म्हणाली, आणखी काही मदत हवी आहे का?

सोमवारी साहेबांच्या खोलीत सुपरवायझर आधीच बसला होता, बडतर्फीचा कागद टाइप करून घेऊन. फक्त सही बाकी. पंपवाला भिंतीला पाठ लावून उभा. काकू दाराजवळ, खांद्यावर चावी. ती बाहेर ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, खात्याची वस्तू आहे, चोरीला गेली तर चौथी तक्रार होईल. मी साहेबांना म्हटलं, तुमच्या टेबलावरचा फोन उचला आणि काकूंच्या घरी लावा. दोन रिंगा मोजा, ठेवा. घड्याळ लावून दर दोन मिनिटांनी, दहा वेळा करा. तिकडे मोजायला माणूस बसवलाय.

सुपरवायझर हसला. तुमचाच माणूस ना, म्हणाला.

"भट्टीवाला आहे," मी म्हटलं.

हे जुळवायला मला रविवार सगळा लागला होता. भट्टीवाला आधी अंगावर आला. मी त्याला एवढंच सांगितलं, विटा कुणामुळे गेल्या हे तुला कळायला नको का, की कुणाचीही मान चालेल? त्याला ते लागलं असावं. तो काकूंच्या घरी, काकूंच्याच खुर्चीत बसून, स्वतःच्या पेनाने मोजत होता. काकूंच्या बाजूने तो खोटं बोलेल, असं सुपरवायझरलाही म्हणता येईना.

साहेब माणूस कंटाळलेला होता, वाईट नव्हता. त्यांनी दहा वेळा केला. सहाव्या वेळेपासून पुढे वाकून बसले. अकराव्या वेळी भट्टीवाल्याने ठरल्याप्रमाणे फोन उचलला आणि आकडे वाचून दाखवले. एक, तीन, दोन, काही नाही, एक, दोन, दोन, तीन, एक, तीन. वर स्वतःचं एक वाक्य घातलं, ते इथे छापता येणार नाही. ते कंपनीला उद्देशून होतं.

साहेबांनी पंपवाल्याला विचारलं, हे रिंगांचं कुणाच्या परवानगीने चालत होतं? परवानगी कुणाचीच नव्हती. मग त्यांनी विचारलं, या बाईंच्या कामाबद्दल काही सांगायचंय का.

अकरा वर्षांपूर्वी याच माणसाला हाच प्रश्न विचारला होता.

तो टेबलाकडे बघून बोलला, काकूंकडे नाही. "मी दोन रिंगा दिल्या आणि दहा मिनिटांत लाल पट्टी खाली आली नाही, असा एक दिवस नाही साहेब. डबा यायच्या आधी. माझा भाऊ होता तेव्हा असे दिवस असायचे. चावी फिरते वहिनींच्याने. माझ्याच्याने नसती फिरली."

काकूंनी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तक्रार निकाली निघाली. सुपरवायझरने टाइप केलेला कागद घडी करून खिशात ठेवला. टाकून दिला नाही, तशी माणसं कागद टाकत नाहीत. पण साहेबांनी एक शेरा मारला: महिनाअखेरपर्यंत खात्रीचा फोन हवा, नाहीतर दुसरी व्यवस्था करावी लागेल. तोवर तोंडी कळवावे. आणि बाहेर पडताना काकूंना म्हणाले, इंटरनेट आहेच की घरात, फोन उचलायचा आणि दोन शब्द बोलायचे, कशाला जुन्या वायरीच्या मागे लागता?

हे सगळ्यांनीच सांगितलं. लेकीने सांगितलं, जावयाने चित्र काढून सांगितलं, शिंप्यानेही सांगितलं. एका हॅलोची तर गोष्ट होती. काकूंचं उत्तर ठरलेलं: वीज गेल्यावर हॅलो कुठून येणार? उत्तर बिनतोड होतं. त्यामागे आणखी एक उत्तर होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कंपनीच्या कचेरीत आम्ही तीन दिवस बसलो. वायर नाही म्हणाले. खांब नाहीत म्हणाले. भट्टीच्या ऑफिसात जुना फोन अजून वाजतोय, हे मला माहीत होतं. तिथपर्यंतची वायर म्हणजे काय फोटोतली आहे का, म्हटलं. मग अर्ज मागितला. दिला. अर्जाचा नमुना बदलला म्हणाले. नव्यावर दिला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर जेवायला निघाला तेव्हा काकूंनी ती चार फुटी चावी काउंटरवर आडवी ठेवली. धमकी वगैरे काही नाही. खांदा दुखतोय, एवढंच म्हणाल्या. मॅनेजर तिकडे बघून परत खुर्चीत बसला, आणि वायर सापडली.

तोवर तोंडी कळवायचं होतं. पंपवाल्याने साहेबांचा हुकूम असा पाळला: रोज सकाळी टाकी भरली की सायकलवर दीड किलोमीटर यायचं, काकूंच्या घरापासून वीस पावलांवर थांबायचं आणि घंटी दोनदा वाजवायची. मग मागे वळून परत पंपघरावर. काकू दारात चावी घेऊन तयार. पाणी बंद करायच्या वेळी परत यायचा, घंटी तीनदा. सगळी वस्ती बघायची. पोटात हसू मावत नव्हतं, पण कुणी तोंडावर हसलं नाही, कारण पाणी वेळेवर येत होतं.

महिना संपायला दोन दिवस असताना म्हातारा लाइनमन आला. खांबावर चढताना शिव्या देत होता, उतरताना गुणगुणत होता. भट्टीपासून काळी वायर परत काकूंच्या खिडकीत आली. डबा काढला नाही. तो आता दुसऱ्या खोलीत आहे. नात, जीभ आणि जावयाचा सल्ला तिथून येतात. जावयाने विचारलं, दोन-दोन कशाला? काकू म्हणाल्या, हा डबा तोंड बघायला आहे, तो फोन पाण्याला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिथेच होते. कंपनीवर माझा विश्वास नाही, म्हणून बघायला गेले होते. काकू बूट घालून, चावी घेऊन फोनसमोर उभ्या. झालर काढून ठेवलेली.

फोन वाजला. एक. दोन. काकू वळल्या, आणि तीन वाजली. बंद कर? चार. आज पाणी नाही? पाच वाजली, सहा वाजली. पाचला काही अर्थ नव्हता, सहाला नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आठव्या रिंगेला त्यांनी चावी भिंतीला टेकवली आणि रिसीव्हर उचलला. काहीच बोलल्या नाहीत. जुन्या वायरीवर आवाज मोठा येतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"वहिनी, नीट वाजतोय का, ते बघत होतो."

काकूंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"वाजतोय."

"मग देतो आता दोन," तो म्हणाला.

"द्या भाऊजी."

फोन ठेवला. लगेच दोन रिंगा आल्या, मोजून दोन. काकू चावी खांद्यावर टाकून निघाल्या. झाकण सरकल्याचा आवाज आला, मग सोळा फेरे, मग तो कुरकुरणारा अर्धा. साडेसहाला खालच्या गल्लीत पाणी होतं. खात्याच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशीही यंत्रणा सुरळीत होती.